मधली सोळा पावलं

तुमच्या सदरात येणारे अनुभव मी दर महिन्याला वाचतो. वाचतो आणि हसतो, हे खरं सांगून टाकतो. बहुतेक अनुभवांत अंतर दिलेलं नसतं, वेळ अंदाजाने असते, आणि साक्षीदार नेमका वारलेला असतो! मी पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. रोजचं काम नकाशे काढण्याचं, त्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही ही सवय हाडीमांसी खिळलेली. देवाला नमस्कार करतो, पण तोसुद्धा आईने लावलेली शिस्त म्हणून.

तरीही हे लिहितोय... कारण यात सगळं मोजलेलं आहे. आणि मोजूनच घोळ झालाय.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं. मी हॅम आहे, म्हणजे सरकारी परवाना घेऊन घरून रेडिओवर जगाशी बोलणारा हौशी माणूस. परवाना चौऱ्याहत्तर साली मिळाला. सेट घरी जुळवलेला, आणि कॉलेज रोडच्या मागे आमचं घर आहे त्याच्या गच्चीवर दोन बांबू उभे करून मधे ताणलेली तांब्याची तार, हा एरियल. शेजारचे जोशी दर रविवारी विचारायचे, “काय हो, आज तारेवर पापड घालू का वाळत?”

शहात्तरच्या सुमारास एक गोष्ट लक्षात आली. हिंदी महासागरात, भारताच्या खाली नैर्ऋत्येला, प्रवाळाच्या बेटांचा एक समूह आहे. (नाव मुद्दाम देत नाही. हे वाचून कुणी खणायला जायला नको.) शिडाच्या छोट्या बोटी घेऊन जगभर फिरणारी गोरी माणसं तिथे थांबतात. नवरा-बायको, एक बोट, झालं! ही मंडळी सकाळी रेडिओवर एकमेकांना विचारत असायची... गोडं पाणी कुठल्या बेटावर मिळतं? डिझेल? फाटलेलं शीड कोण शिवून देतं? सोमवारी एकाने विचारलं की कुणालाच माहीत नसायचं, आणि गुरुवारी ज्याला माहीत तो बोलायचा तेव्हा विचारणारा पुढे निघून गेलेला. हा वेंधळेपणा मला बघवेना. मी एक दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि रकाने आखले.

बेट क्रमांक. नांगर टाकायची जागा, खोली, तळ वाळूचा की प्रवाळाचा. पाणी. डिझेल. दुकान. दवाखाना. पोस्ट. शेरा. आणि शेवटी माहिती कुणी दिली, कुठल्या तारखेला. एका बोटीने सांगितलं की पेन्सिलने लिहायचं. दुसऱ्या बोटीने तेच सांगितलं की शाई. हा नियम मी कधी मोडला नाही.

सात वर्षांत एकतीस बेटं झाली. क्रमांक चारवर डिझेल पिंपातून देतात, फडक्यातून दोनदा गाळून घ्यावं. नऊवरचा शिंपी शीड शिवतो, पण कापड आणि दोरा आपला न्यावा. बारावर मासळीसाठी बर्फ करतात, सकाळी लवकर गेलं तर देतात. अठरावर डॉक्टर नाही, पण कंपाउंडर दात उत्तम काढतो, हे तीन बोटींनी सांगितलं, म्हणजे पक्की शाई! बोटवाले मला ‘नाशिक लायब्ररी’ म्हणायचे. आणि ही लायब्ररी चालवणारा माणूस आयुष्यात एकदाच होडीत बसलेला, गंगापूर धरणावर, तेही सर्व्हेच्या कामाला. वीस मिनिटांत मळमळायला लागलं होतं.

आता मूळ गोष्ट. त्र्याऐंशीचा मार्च.

रॉबर्ट आणि मार्गारेट हे न्यूझीलंडचं जोडपं, दोघंही साठीच्या आतबाहेर. एकतीस फुटी बोट. शुक्रवारी सकाळी साडेसातला रॉबर्ट बोलला, तेव्हा आवाज शांत होता पण वाक्यं तुटक. इंजिन चार दिवसांपासून बंद. वारा जवळजवळ पडलेला. आणि आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीचा सांधा उकलून समुद्राचं पाणी आत गेलं होतं. वेगळ्या कॅनमध्ये होतं तेवढंच गोडं पाणी उरलं, सतरा लिटर. जवळचं वस्तीचं बेट एकशे चाळीस मैलांवर. पण बेट क्रमांक सतरा फक्त अकरा मैलांवर. निर्मनुष्य, वर्षातून दोन महिने नारळ उतरवायला मजूर येतात तेवढंच.

“सतरावर पाणी आहे का?” त्याने विचारलं.

मी रजिस्टर उघडलं. “मधोमध मजुरांच्या झोपडीजवळ विहीर आहे. पण नोंद पेन्सिलची आहे. एकाच बोटीची, पाच वर्षांपूर्वीची.”

“पेन्सिल तर पेन्सिल,” तो म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी पाचला तो परत आला. नांगर नीट पडला होता, पण विहीर खारी! मधे कधीतरी वादळात लाट बेटावरून गेली असणार. त्याने विहिरीजवळ दोन खड्डे खणले, कमरेच्या वर. दोन्ही खारे. नारळ नव्हते का, असं वाचक विचारतील, मीही विचारलं. मजूर झाडं उतरवून गेले होते. खाली पडलेल्यांतून निघालं ते पाणी त्यांनी प्यायलं आणि मार्गारेटचं पोट बिघडलं. आता तिला उलट्या, अंगात ताप. उरलेलं पाणी आठ लिटर, आणि ती प्यायलेलं पोटात ठेवू शकत नव्हती.

दक्षिणेतल्या एका हॅम मित्राने त्याच दिवशी बंदरावर कळवलं होतं. त्यांनी लगेच हालचाल केली, पण जहाज पोचायला बुधवार उजाडणार होता. मी कागदावर हिशेब मांडला. उन्हात खणणारा एक माणूस, तापलेली एक बाई, आठ लिटर, चार दिवस. कसाही मांडला तरी तो सोमवारच्या पुढे जात नव्हता.

बॅटरी संपत होती म्हणून रॉबर्ट थोडंच बोलायचा. तरी मी त्याच्याकडून बेटाची मापं घेतली. लांबी तीनशे चाळीस पावलं, रुंदी दीडशे, झोपडी कुठे, विहीर कुठे, खड्डे कुठे. का घेतली? माहीत नाही. हात रिकामे राहवत नव्हते म्हणून. त्याचं पाऊल ढांग टाकून मीटरभर. रात्री जेवणाआधी मी ड्रॉइंग शीटवर बेट काढून टाकलं.

त्या आठवड्यात आमच्याकडे सुधाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, मामा आले होते. कचरूमामा, नांदगाव तालुक्यातले, वय एकाहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले, एका डोळ्यावर पट्टी. मामा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून अनवाणी चालायचं, जिथे नारळ उभा राहील तिथे विहीर खणायची, हा त्यांचा उद्योग. या विषयावरून आमची जुनी जुंपलेली. मी एकदा त्यांच्या गावात फिरून मोजदादच केली होती. त्यांनी दाखवलेल्या एकोणीस जागांपैकी अकरा ठिकाणी पाणी लागलं होतं.

“डोळे मिटून बोट ठेवलं तरी इतक्या लागतात, मामा.”

“ठेवा की मग,” मामा म्हणाले होते. “जावईबापू, तुमी कागदावर निळी रेघ मारता अन् म्हन्ता इथं पानी. मी तर निदान शेतात जातो!”

रविवारी सकाळी साडेसातला रॉबर्टचा आवाज आला, फार बारीक. मी स्पीकर चालू ठेवला होता. तो म्हणाला, “माझ्यात आणखी एका खड्ड्याची ताकद आहे. एकाच. कुठे खणू ते सांग.”

मी म्हटलं, “रजिस्टरमध्ये काही नाही.”

“माहीत आहे. तरी सांग. बारा वाजता ऐकतो.” आणि सेट बंद.

मागून मामा म्हणाले, “काय म्हन्तोय त्यो गोरा?”

मी सांगितलं. सगळं, बाईच्या तापासकट.

“बाई तान्हेली हाय?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि मग, “सुधे, नारळ हाय का घरात? शेंडीचा पाह्यजे.”

“मामा, नको,” मी म्हटलं. “हा खेळ नाही.”

“मी कुठं खेळ म्हन्लो?”

सुधा नारळ घेऊन आलीच. मी तिला म्हटलं, “अगं, त्याच्यात एका खड्ड्याची ताकद उरली आहे. हे असलं काही सांगून ती घालवायची का?”

“बरं. मग तुम्ही सांगा कुठे खणायचं.”

“मला माहीत नाही.”

“मग?”

“माहीत नाही, हेही उत्तरच असतं.”

“असतं ना,” सुधा म्हणाली. “पिता येतं का ते?”

मी ड्रॉइंग शीट आणायला उठलो.

डॉक्टरांनी मामांना वाकायची मनाई केली होती, म्हणून शीट दिवाणावर पसरलं. उगवती कुठली, मामांनी विचारलं. मी शीट फिरवून पूर्व पूर्वेला आणली. मामांनी चपला काढल्या, तळहातावर नारळ ठेवला आणि हात कागदावरून हळूहळू न्यायला लागले. विहिरीवरून गेले, दोन्ही खड्ड्यांवरून गेले. काही नाही. मी त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होतो, चोरी पकडायचीच या इराद्याने. झोपडीच्या नैर्ऋत्येला, खालच्या किनाऱ्याच्या बाजूला हात गेला आणि नारळ उभा राहिला! शेंडी वर. बोटं हलली नव्हती. मी शपथेवर सांगेन, हलली नव्हती.

“इथं. परसभर खोल, वर चार बोटं. गोड.”

परस म्हणजे आमच्याकडे विहिरीची खोली मोजायचं माप, एक माणूस उभा राहील एवढं, साडेपाच फुटांच्या आसपास. सुधाने कुंकवाचा टिपका ठेवला. मी माझी त्रिकोणी पट्टी लावून झोपडीच्या उत्तरेच्या खांबापासून अंतर घेतलं, कोनमापकाने दिशा घेतली, आणि आकडे कागदावर लिहिले. दोनशे पंधरा अंश. चौसष्ट पावलं. जागा मला पटत नव्हती. अशा बेटावर गोडं पाणी असलंच तर मधे असतं, किनाऱ्याकडे खारं, हे मी वाचलेलं होतं. इथे तर उलटंच!

बारा वाजता रॉबर्ट आला.

“रॉबर्ट, नीट ऐक. हे रजिस्टरमधलं नाही. पेन्सिलसुद्धा नाही. एका म्हाताऱ्या माणसाने नकाशावर दाखवलं आहे. त्याने समुद्र पाहिलेला नाही. माझा यावर विश्वास नाही. निर्णय तुझा.”

“कशाने शोधलं त्याने?”

“नारळाने.”

खर्रर्र... आणि मग त्याचं हसू! तीन दिवसांत पहिल्यांदा. “इथे रिकाम्या करवंट्यांचा ढीग पडलाय, एकीनेही मला काही सांगितलं नाही. दे आकडे.”

मी आकडे दिले, दोनदा. त्याने परत म्हणून दाखवले. दोन-एक-पाच. सहा-चार. माणूसभर खोल.

आणि मग... पाच वाजता तो आलाच नाही. सव्वापाचपर्यंत मी हाका मारत राहिलो. साडेपाच. नुसती खरखर. सुधा दारात उभी. मामांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पाणाड्याने जागा दाखवली की पाणी लागेपर्यंत आपण प्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

“मामा, तुमचं ऑपरेशन झालंय हो. घोटभर तरी घ्या,” सुधा काकुळतीला आली.

“त्या बाईनं घेतलं का?”

“कळलं नाही अजून.”

“मंग मलाबी कळलं नाय.”

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सोमवारी मी सातलाच सेटसमोर बसलो. साडेसात झाले. सात पस्तीस. मी मनात त्याची माफी मागायला सुरुवात केली होती. सात सदतीसला खरखरीतून हाक आली, ‘नाशिक लायब्ररी’, आणि आवाज रॉबर्टचा नव्हता. बाईचा होता!

“मी मार्गारेट बोलते आहे. माझा नवरा झोपलाय, त्याला उठवत नाही. पाणी लागलं. पाच फूट आठ इंचावर. गोड आहे. मी काल रात्रीपासून पिते आहे आणि सगळं पोटात राहतंय!”

मी किंचाळलो असणार, कारण जोशी कुंपणापाशी धावत आले. “काय हो, शॉक बसला का?” सुधा रडत होती, हसत होती, आणि मामा शांतपणे म्हणाले, “सुधे, तांब्या आन आता.” तांब्या उचलला तो खाली ठेवला नाही. एका दमात संपवला.

बुधवारी जहाज आलं. त्यांनी मार्गारेटला तपासलं, औषधं दिली, इंजिन बघितलं. कॅन पाण्याने भरलेलेच होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला पाठवली नसती. योगायोग म्हणून सोडून दिली असती. एकोणिसातले अकरा, विसातले बारा!

दीड महिन्याने मी रजिस्टरसाठी तो नकाशा शाईने पक्का करायला घेतला. कुंकवाचा टिपका शीटवर तसाच होता. खांबापासून अंतर लावलं तर ऐंशी पावलं. मी चष्मा पुसला. परत लावलं. ऐंशी! तेव्हा लक्षात आलं आणि कानशिलं तापली. त्रिकोणी पट्टीला सहा कडा असतात, प्रत्येक कडेचं प्रमाण वेगळं. बेट मी पाचशेच्या कडेने काढलं होतं, आणि रविवारी दिवाणावर, त्या गडबडीत, अंतर चारशेच्या कडेने वाचलं होतं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी बजावायचो ती चूक. तोवरच्या नोकरीत माझ्या हातून कधी न झालेली चूक.

म्हणजे मामांनी दाखवलं होतं ऐंशीवर. मी सांगितलं चौसष्ट. रॉबर्टने खणलं चौसष्टवर. आणि पाणी लागलं चौसष्टवर!

सुधा म्हणाली, “मग ऐंशीवरही असेल. झरा एकच असेल.” मलाही ते पटलं, हायसं वाटलं. पुढच्या वर्षी एक फ्रेंच जोडपं सतरावर थांबलं. मी त्यांना विनंती केली. तरुण होती, हौसेने खणलं त्यांनी. ऐंशी पावलांवर, माणूसभर, आणखी हातभर. खारं. चौसष्टची विहीर मात्र गोड, तिला कुणीतरी आतून नारळाच्या ओंडक्यांचं अस्तरही बसवलेलं. त्यानंतर आणखी चार बोटींनी आसपास खड्डे घेतले. सगळे खारे. गोडं पाणी त्या एका जागीच. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना मी नकाशा दाखवला. ते म्हणाले, प्रवाळात असा एखादा कप्पा असू शकतो. असू शकतो, मान्य. पण नेमका माझ्या चुकीच्या टोकाला?

मामांना सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी एका रविवारी एस.टी.ने नांदगाव गाठलं, तिथून गाव. मामा ओट्यावर बसले होते, दोन्ही डोळे आता ठीक. मी शीट उलगडून सगळं सांगितलं. पट्टी, कडा, ऐंशी, चौसष्ट, फ्रेंच जोडपं.

मामांनी टिपक्यावर बोट ठेवलं.

“म्हंजी माझा टिपका खारा?”

“हो, मामा.”

“अन् तुमची पट्टी चुकली?”

“हो.”

“दोन्ही?”

“दोन्ही, मामा. फक्त खोली बरोबर आली. परसभर, वर चार बोटं.”

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं वाईट वाटलं. पण मामा हसत होते, ठसका लागेपर्यंत. मामी आतून धावत आली. “अगं,” मामा तिला म्हणाले, “वाट दाखवनारे दोघं आंधळे, अन् म्हातारी पानी प्याली!”

मग मला म्हणाले, “जावईबापू, पुन्हा विचारू नका. मला ठावं नाय.”

आता ती विहीर बारा बोटींनी वापरली आहे. मार्गारेट दर नाताळला कार्ड पाठवते, आणि त्यात मामांसाठी एक वेगळी ओळ असते. ती मी त्यांना वाचून दाखवतो. मी पट्टी बदलून पाहिली, दिशा पुन्हा तपासली, रॉबर्टचं पाऊल लांब पडलं असेल म्हणून नंतर तिथे थांबलेल्या एका बोटीकडून दोरीने मोजून घेतलं. दोरीनेही चौसष्टच.

ऐंशीवर मीठ आहे. चौसष्टवर गोडं पाणी आहे. मधली सोळा पावलं कोणी चालवली, हे मात्र मला आजतागायत काढता आलेलं नाही.